दारावरच्या जाळ्या

शनिवारी जेवणं आटोपली की ओदिल हॉटेलच्या पाहुण्यांना घेऊन वरच्या कुरणातल्या लहानशा चर्चपर्यंत जायची आणि उजेड आहे तोवर त्यांना खाली आणायची. पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधलेल्या रुंद जाळ्या, हातात काठ्या, आणि पुढे ती. रांगेच्या शेवटी मात्र गावचा जाणता माणूस हवाच. पुढच्याने अधूनमधून ओरडायचं, "मागे?" आणि शेवटच्याने उत्तर द्यायचं, "आहे!" उत्तर आलं नाही तर रांग जागच्या जागी थांबते.

शेवटी चालणारा तिचा धाकटा भाऊ फ्लोरां डिसेंबरात गेला. डोंगरावरचा बर्फ सुटायला आला होता, तो नको म्हणत होता, पण हॉटेलमालक मारियुसने दम भरला, "घळीतली वाट तुडवून ठेव, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." त्याच घळीत फ्लोरां गाडला गेला. खूप शोधलं, सापडला नाही. मारियुस चर्चमध्ये सगळ्यांच्या देखत रडला आणि आठवड्याच्या आत त्याने फेऱ्या पुन्हा चालू केल्या. ओदिलने ते सगळं गिळलं. घरात म्हातारी आई होती आणि गावात दुसरं काम नव्हतं.

त्यांच्या घराच्या दारावर आजोबांच्या लाकडी जाळ्या टांगल्या होत्या, कातडी वाद्यांनी विणलेल्या. बर्फात हरवलेल्यासाठी तशा टांगतात, टोकं घराकडे करून. त्याला घरी यायला काहीतरी हवं ना! माणूस सापडेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. आई रोज सकाळी त्यांच्यावरचा बर्फ झटकायची.

त्या शनिवारी शेवटी चालायला मारियुस स्वतःच आला. वर चर्चपाशी पाहुणे फोटो काढत होते, आणि ओदिलची नजर मागच्या वाटेवर गेली. रांगेतल्या शेवटच्या पावलांचा ठसा लांबट होता, विणीचा. तिने मारियुसच्या पायांकडे पाहिलं.

"ह्या कुठून आणल्यात?"

"अगं, तुझ्या घरापाशीच माझ्या जाळीचा पट्टा तुटला. तू पुढे होतीस. दारावर होत्या, घेतल्या. संध्याकाळी देतो टांगून."

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायचं? पोरगा मेला, ओदिल. मेलेल्याला कसले जोडे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"आधी त्याला मारलंस. आता त्याचं घरी येणंही चोरलंस? काढ त्या!"

"काढू आणि कमरेपर्यंत रुतून बसू? पाहुण्यांसमोर तमाशा नको."

खालून धुकं चढत होतं. ती दात-ओठ खात वळली आणि उतरायला लागली. थोड्याच वेळात स्वतःच्या काठीचं टोकही दिसेना. ओल्या लोकरीचा वास आणि जाळ्यांची करकर, एवढंच उरलं.

"मागे?"

"आहे!"

पुढच्या वळणावर तिने पुन्हा हाक दिली. उत्तर आलं, पण डावीकडून. घळीच्या अंगाने.

"मारियुस! वाट सोडू नकोस!"

"मी कुठे सोडतोय... पाय... पाय वळत नाहीत..."

"वाद्या सोड!"

"सुटत नाहीत गं... कुणीतरी गाठ मारलीय... ओदिल..."

ओदिलला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. पाहुण्यांना एकमेकांचे हात धरायला सांगून ती घळीकडे वळली आणि जीव खाऊन ओरडली, "मागे?"

उत्तर अगदी जवळून आलं. रांगेतल्या शेवटच्या बाईच्या पाठीमागून, हळू, घोगऱ्या आवाजात.

"आहे... चल, ताई. उजेड जातोय."

"ते इथेच आहेत की," ती बाई म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नव्हतं. "किती गार श्वास आहे हो यांचा..."

घळीतून आता काहीच ऐकू येत नव्हतं. पण पाहुणे ओदिलच्या भरवशावर आले होते. तिने त्यांना खाली आणलं. प्रत्येक वळणावर हाक दिली, आणि प्रत्येक वेळी उत्तर आलं. गावात पोचल्यावर बाईच्या मागे कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शोधपथक विणीच्या ठशांमागून घळीत उतरलं. ठसे जिथे संपले तिथे खणलं, तर फ्लोरां सापडला. पायांत आजोबांच्या जाळ्या, आणि वाद्यांना आजोबांनी या दोघा भावंडांनाच शिकवलेली गाठ. मारियुस सापडला नाही. आईने जाळ्यांसकट लेकाला पुरायला लावलं.

मारियुसच्या बायकोने त्याच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या हॉटेलच्या दारावर टांगल्या, टोकं घराकडे करून. सकाळी टोकं बाहेर वळलेली असत. ती सरळ करी, सकाळी पुन्हा तेच. शेवटी ती ओदिलच्या दारात येऊन ओरडली.

"तो घरी येऊ नये म्हणून करतेस ना? एवढा राग?"

"राग आहे. मरेपर्यंत राहील," ओदिल म्हणाली. "पण मी हात लावलेला नाही. दुसऱ्याच्या दारावरच्या जाळ्या मी काढत नाही."

ती रडत गेली. ओदिल दार लावायला वळली आणि थबकली. भल्या पहाटे ताजा बर्फ पडला होता. त्यात मारियुसच्या बायकोच्या बुटांचे येता-जातानाचे ठसे होते. त्यांच्या शेजारून हॉटेलकडून आणखी एक माग सरळ उंबऱ्यापर्यंत आला होता. लांबट, विणीचा, टोकं घराकडे. परत गेलेला माग कुठेच नव्हता.