मेथिलची एकटी माणसं

मेथिल या बंदरगावात समुद्रावरून धुकं आलं की माणसाला स्वतःचे बूटही दिसत नाहीत. अशाच एका सकाळी मोरव्हेनची बाबागाडी दुसऱ्या बाबागाडीवर धडकली आणि चाकात चाक अडकलं.

"दिसत नाही का हो?" ती करवादली.

"दिसलं असतं तर इतक्या सुंदर बाईला आधी वाट दिली असती," धुक्यातून पुरुषी आवाज आला.

"धुक्यात बरी सुंदर दिसले!"

"अंदाज केला होता... आता जवळून बघतोय, तर कमीच पडला."

आगाऊच दिसतोय! ती चांगलं सुनावणार होती. पण तो गुडघ्यांवर बसून चाक सोडवू लागला, तेही इतक्या अलगद, की त्याच्या गाडीतली झोपलेली चिमुरडी हललीसुद्धा नाही. मोरव्हेन बघतच राहिली. तिच्या ब्रोडीच्या बापाने बाळाकडे एकदाही असं पाहिलं नव्हतं.

दोघांना जायचं होतं एकाच दारात. एकट्या आईबापांना कामधंद्याला लावणारी ती संस्था. खाली पाळणाघर, मागे वेल्डिंगची शाळा, आणि शिकून झालं की बंदरावर पवनचक्क्यांचे सांगाडे बांधायच्या कारखान्यात काम. खर्च एक धर्मादाय निधी करायचा. त्या बाबागाडीवाल्याचं नाव इनेस. आपली मुलगी कर्स्टी तान्ही असताना तिची आई अॅबर्डीन शहरात गेली ती गेलीच, एवढंच त्याने सांगितलं आणि वर हसला.

मोरव्हेनने पहिल्यांदा वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला तेव्हा काचेमागे काळोख होता. मग लोखंडाला वेल्डिंगच्या कांडीचं टोक लागलं, आणि काळोखात एक छोटासा सूर्य उगवला! वितळलेल्या धातूचा तो थेंब तिचा हात जाईल तिकडे निमूट चालला होता. दूधबाटल्या धुऊन धुऊन खरखरीत झालेले तिचे हात, 'तुझ्याच्याने काही होणार नाही' असं ऐकून थकलेली ती, आणि तिच्या हुकमात चाललेली ही आग. तिने मुखवटा वर केला, तेव्हा डोळे भरून आले होते.

"काय झालं? भाजलं का?" इनेस धावत आला.

"नाही रे... जोडलं गेलं. बघ ना!"

त्याने पाहिलं, पण सांध्याकडे नाही.

"इकडे बघ, इकडे!"

"बघतोय की... फार सुंदर जमलंय."

मोरव्हेनचे कान गरम झाले. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत तो मॅकरोनी भरलेली पेस्ट्री अर्धी अर्धी करू लागला, आणि मोठा तुकडा नेमका तिच्याच पुढ्यात यायचा. ती रागावली की म्हणायचा, "मी काय करू? सुरीच पक्षपाती आहे." आपण खाल्लं की नाही याची कुणाला तरी पडलेली असावी, याचंच तिला रोज नव्याने नवल वाटायचं.

मग निधीची मुदत संपत आली. तो पुढे चालू ठेवायचा का, हे पाहायला निधीकडून मिसेस ऑगिल्वी येणार होत्या. संस्था चालवणाऱ्या जीनेटने मोरव्हेनला बाजूला घेतलं.

"पोरी, तुमचं दोघांचं काय चाललंय ते आंधळ्यालाही दिसतं. एरवी मी पेढे वाटले असते. पण पैसा एकट्यांसाठी आहे. शिकणारे आधीच कमी. त्यातून तुम्ही दोघं गळलात, तर दाराला कुलूप लागेल गं."

पाळणाघरातून पोरांचा कालवा ऐकू येत होता. मोरव्हेन तडक इनेसकडे गेली.

"विचारलं तर एकटाच आहे म्हणायचं. कळलं?"

"आपल्यात काही आहे असं तू अजून बोललीही नाहीस. मग लपवायचं काय?"

"म्हणायचं, बस्स!"

मिसेस ऑगिल्वी सगळं हिंडून बघून आल्या, चहा घेतला आणि तिथेच सगळ्यांसमोर एकेकाशी बोलू लागल्या. "तुम्ही एकटेच का, इनेस?"

"हो बाई. एकटाच."

तिनेच पढवलेलं वाक्य. तरी ते काळजात रुतलं.

"आणि तुम्ही, मोरव्हेन?"

तिने तोंड उघडलं. एक साधा 'हो' म्हणायचा होता... आणि तो येईना!

"नाही," ती म्हणाली. जीनेटने डोळे मिटले. "आले तेव्हा होते. आता हा आहे. माझं याच्यावर प्रेम आहे—याला पण आत्ताच कळतंय. माझी जागा काढून घ्या बाई. पण पाळणाघर बंद करू नका. बाकीच्या बायकांनी काय घोडं मारलंय?"

मिसेस ऑगिल्वींनी चष्मा काढून पुसला.

"बुडणाऱ्याला पोहायला शिकवलं आणि तो काठाला लागला, म्हणून कुणी शिकवणी बंद करतं का? माणूस एकटा आहे का, हे आम्ही फक्त आत येताना बघतो. शिक्षण पुरं होईपर्यंत जागा तुमचीच. आणि निधी चालू ठेवा असंच मी वर सांगणार आहे." मग त्या इनेसकडे वळल्या. "तुम्ही मात्र मघाशी एकटाच म्हणालात."

इनेस मोरव्हेनच्या शेजारी येऊन उभा राहिला. मोरव्हेनकडे तो असा बघत होता, जणू तिनेच त्याच्यासमोर काळोखात सूर्य पेटवला होता.

"बाई," तो कसाबसा म्हणाला, "उत्तर बदललं... तर चालेल?"