कोरी दांडी

गिटारच्या दांडीला शेवटी काय लावायचं, या प्रश्नावर जगात दोनच पक्ष आहेत. तेलवाले आणि लॅकरवाले, म्हणजे लाकडावर काचेसारखा कडक थर चढवणारे. बाकी सगळे अपक्ष, आणि अपक्षांचं कुठेही होतं तेच त्यांचं होतं: निकालानंतर ते रंगाच्या दुकानदाराच्या पदरात पडतात. तेलवाले म्हणतात, लाकूड हाताला लाकडासारखं लागलं पाहिजे. लॅकरवाले म्हणतात, लाकूड टिकलं पाहिजे, हाताचं हात बघून घेईल.

उस्ताद कट्टर लॅकरवाले. ‘उस्ताद’ ही पदवी त्यांना गल्लीने दिलेली, त्यामुळे तिला कुठल्याही विद्यापीठाची मान्यता नव्हती. पण गिटार करावी तर त्यांनीच, हे गिऱ्हाइकं मान्य करत. त्यांची एकुलती एक मुलगी मात्र तेलवाली निघाली. घरात तिला खारू म्हणत, कारण लहानपणी ती कारखान्यातल्या फळ्यांच्या थप्पीवर चढून बसायची आणि खाली उतरायला लाच मागायची. तेव्हा संत्र्याच्या गोळ्यांवर भागायचं. नोकरीला लागल्यावर दर वाढला, आणि तिने गिटार मागितली.

“बाबा, लॅकर नको हं. हात चिकटतो माझा.”

“हात नाही चिकटत. आळस चिकटतो.”

“मग आळसाला चालेल असं तेल लावा.”

उस्तादांच्या कामाची एक रीत होती. दांडी घडवून तिच्यावर सुरांचे पडदे बसवले, की तिला काहीही न लावता, कोरीच, वाजवणाऱ्याच्या हवाली करायची. मेपलचं लाकूड पांढरं. हाताचा घाम, मळ, सगळं त्यावर उमटतं. पुढे पट्टीवर बोटं कुठे पडतात, मागे अंगठा कुठे टेकतो, हे काही दिवसांत नकाशासारखं दिसायला लागतं. मग नडतं तिथे तासायचं, पॉलिश पेपरने डाग साफ काढायचे आणि शेवटचा हात द्यायचा. “घाण झाली हो,” असं गिऱ्हाईक ओशाळून म्हणालं की उस्ताद म्हणत, “तुमचीच आहे. ओळखीची घाण बरी.”

खारूने गिटार कोरीच नेली, वाजवली, परत आणून कट्ट्यावर ठेवली. “तेल,” ती दारातून म्हणाली. “बघू,” उस्ताद म्हणाले, आणि तारा काढून दांडी सुटी केली. त्याच आठवड्यात ती रस्ता ओलांडत होती, आणि एका ट्रकवाल्याला फोन आला.

माणसं आली, बसली. जे देवाला आवडतात ते लवकर जातात, असं सांगून स्वतः जेवायच्या वेळेला घरी गेली. घर रिकामं झाल्यावर उस्ताद कारखान्यात जाऊन कट्ट्याशी बसले. दुसरं काय करायचं ते हातांना ठाऊक नव्हतं. हातांनी पॉलिश पेपर घेतला आणि समोर जी दांडी होती ती घासायला सुरुवात केली. रेषेरेषेने, नीट, कोपऱ्यातसुद्धा. दांडी पांढरीशुभ्र झाली आणि बाहीवर करडी भुकटी साचली, तेव्हा आपण काय पुसलं ते त्यांना कळलं.

बायको दारात उभी होती. “काय केलंत अहो?”

“साफ केली.”

तिने त्यांच्याकडे नाही, बाहीकडे पाहिलं. मग शर्ट अंगातून काढून घेतला, न झटकता घडी केली आणि कपाटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडीवर डाग होते.

मागे अंगठा, पुढे बोटं. फिकट, पण जागच्या जागी. खोल मुरलेला घाम वर आला असेल, असं उस्तादांनी ठरवलं. ते पटेना, तेव्हा बायकोने हात लावला असेल असं ठरवलं. बायकोने तेच त्यांच्याबद्दल ठरवलेलं होतं. संसारात एकमेकांवर संशय घ्यायची त्यांना सवय होती; त्या आधारावर तो दिवस निभावला.

उस्ताद रंगवाल्याकडे गेले.

“ओल आहे हवेत,” रंगवाला म्हणाला. “मेपल ओल धरतं. आणि खरं सांगू का, दुःखात माणूस कुठे हात लावतो ते त्याचं त्याला कळत नाही. लॅकर मारा उस्ताद, सुटाल.”

“आणि तेल?”

“देतो की. पण तेलाने सुटत नाही. मुरतं.”

त्यांनी लॅकर घेतलं. घरी येऊन दांडी पुन्हा घासली, या वेळी हातमोजे घालून. कारखान्याला कुलूप लावलं आणि किल्ली बायकोकडे दिली.

सकाळी दोघं मिळून आत गेली. लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा नेहमीचा वास होता. डाग होते.

बायको वाकली. खारूसाठी ती दर थंडीत हातमोजे विणायची. मुलीचा हात वर्षावर्षाने कसा वाढला हे तिच्या बोटांना पाठ होतं. तिने आपलं बोट त्या अंगठ्याशेजारी टेकवलं.

“ही कॉलेजातली आहे.”

“काय?”

“हात. काल हा मोठा होता.”

उस्ताद हसायला गेले. ती हसली नाही.

“घासा.”

“अगं, कशाला?”

“घासा म्हणते ना.”

त्यांनी घासलं. पुढच्या सकाळी अंगठा मागे अर्ध्यावरच थांबलेला होता. हात दांडीला पुरता वेढा घालत नव्हता. “शाळेतली,” बायको म्हणाली. तिचा आवाज उस्तादांनी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता असा होता, जवळजवळ आनंदी. ती आता सकाळी वेणीफणी करून कारखान्यात यायची, एखाद्याला स्टेशनवर आणायला जावं तशी. उस्ताद घासायचे. हात लहान व्हायचा.

मग एकदा डाग चिकट लागला. बायकोने बोट लावून हुंगलं आणि उस्तादांच्या नाकाशी धरलं.

संत्र्याची गोळी.



“दुसरीतली,” ती म्हणाली. “दात पडलेत तिचे. अजून एकदा घासा.”

“आणि मग?”

“मग अजून एकदा.”

“आणि मग?”

उस्तादांनी दांडी हातात तोलली. ती आधीच बारीक झाली होती. लाकूड काही अमर्याद नसतं, आणि हातही नसतो. दुसरीच्या आधी बालवाडी, बालवाडीच्या आधी मूठ, आणि मुठीच्या आधी, त्यांना नीट आठवत होतं, या घरात फक्त दोन माणसं होती.

“इथेच थांबवू या,” ते म्हणाले. “आहे तशी राहू दे. लॅकर लावतो.”

“तिला तेल हवं होतं.”

“तेलात डाग फाकतो. लॅकरखाली जसाच्या तसा राहील. कायमचा.”

बायकोने दांडीवरून एकदा हात फिरवला, झोपलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा. “लावा,” ती म्हणाली.

उभ्या आयुष्यात उस्तादांनी मळावर लॅकर मारलं नव्हतं. त्या दिवशी मारलं. पातळ थर, वाळवण, पुन्हा थर. गोळीचा वास थिनरच्या वासाखाली गेला. आत तो एवढासा हात जसाच्या तसा, स्वच्छ दिसत होता. बायको स्टुलावर बसून बघत होती. त्या संध्याकाळी दोघं पोटभर जेवली.

लॅकर कडक झालं त्या सकाळी उस्तादांनी दांडी खिडकीशी नेली.

पकडीचा डाग नव्हता.

अंगठा नव्हता. पट्टीवर बोटं नव्हती.

त्यांनी दांडी उजेडात फिरवली. मागच्या बाजूला, लॅकरच्या खाली, एक तळवा होता. सपाट. पाचही बोटं फाकलेली, टोकांशी पांढरी पडलेली. दांडी धरल्यावर असा डाग पडत नाही. हात आतून दाबला तर पडतो.

उस्तादांनी पॉलिश पेपर उचलला.

बायकोने मनगट धरलं. “नको. घासलंत तर लहान होईल.”

“थिनरने काढतो.”

“त्याने लॅकर जाईल. आणि ती?”

उस्तादांनी पेपर खाली ठेवला. तोंडाची वाफ देऊन पाहिली. नखाने ठोकून पाहिलं. पृष्ठभाग गुळगुळीत, गार, निर्दोष होता. इतकं चांगलं लॅकर त्यांच्या हातून कधी बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तळवे पुष्कळ होते. एकापुढे एक, दांडीच्या बुडापासून वर टोकापर्यंत गेलेले, तिथून वळून दुसऱ्या कडेने खाली आलेले, अंधाऱ्या खोलीत एखादं पोर दार चाचपत जातं तसे.