चार वाद्यं आणि एक श्वास

शुभंकर, मोबाईल खाली ठेव. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर गुपचूप झोपायला जा. आमच्या रेल्वेतल्या श्रीपतरावांच्या डोळ्यांदेखत घडलंय हे, मागच्या डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, इथंच बडोद्यात.

रिटायर झाल्यावर श्रीपतराव स्पीकर भाड्यानं द्यायचे. त्या दुपारी मांजलपूरहून टेंपोत दोन स्पीकर टाकून ते निजामपुऱ्यातल्या एका हॉलवर गेले. नव्या पद्धतीच्या संगीताची मैफल होती. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो, आणि सोबत स्पीकरवर माणसाच्या श्वासाचा आवाज. हे डोकं दिग्विजय नावाच्या संगीतकाराचं. श्वास त्याच्या बायकोचा, संयोगिताचा. बिचारी जूनमध्ये दम्यानं गेली होती.

श्रीपतरावांनी तपासायला म्हणून रेकॉर्डिंग लावलं. नुसती घरघर. मग तिचा आवाज, "पंप दे ना..." आणि दिग्विजयचा, "थांब गं. आत्ता लय सापडलीय."

श्रीपतरावांनी रेकॉर्डिंग थांबवलं. दिग्विजय मात्र शांत. "तेवढं बोलणं कापा, काका. श्वास राहू दे." मेल्याला लाजसुद्धा वाटली नाही. आणि आमच्या ह्या शहाण्या श्रीपतरावांनी मुकाट्यानं कापलं.

संध्याकाळी हॉल भरला. श्वास सुरू झाला, वाद्यं त्याच्याभोवती हळूहळू वाजू लागली. आणि कापलेलं बोलणं स्पीकरवर आलं... फक्त तिचं.

"पंप दे ना..."

पहिल्या रांगेतला दिग्विजय उभा राहिला. हात गळ्यावर. स्पीकर गप्प झाला होता. घरघर आता त्याच्या तोंडून येत होती. तशीच. त्याच लयीत.

लोक ऐकत बसले रे. त्यांना वाटलं, हेही संगीतच. नव्या संगीतात असलं असतं म्हणे. वादकही थांबले नाहीत. तो शेजारच्या बाईकडे हात पसरत होता... ती डोळे मिटून डोलत होती. श्रीपतराव धावले, तर कुणीतरी मनगट धरून खाली बसायला दटावलं, "बेसी जाव, काका."

तो पडला.

टाळ्या... सगळे उभे राहून टाळ्या.

डॉक्टर म्हणाले, गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खासवाडीच्या स्मशानात त्याला सरणावर ठेवलं. हार नीट करायला श्रीपतराव वाकले. अंग थंड. ताठ. आणि छाती... वर... खाली... गाढ झोपलेल्या माणसासारखी.

डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. नाडी नाही. पेटवा, म्हणाले.

पेटवलं.

जाळ अंगावर चढला, तरी हार वरखाली होत होता.