रात्री दोनचं पाणी

हसा, हसा. म्हातारा रिकाम्या बागेत शिट्टी मारत फिरतो आणि मग पाणी सोडतो, वेडाच आहे, नाही का? कालपर्यंत खुरपं कुठून धरायचं ते ठाऊक नव्हतं तुम्हा दोघांना, आणि निघाले मुकादमाला हसायला. बसा त्या पाइपांवर. दिवा असू दे. हे ऐकीव नाही बरं का. माझ्या सख्ख्या मेहुण्याचं आहे, तुमच्या काकूच्या धाकट्या भावाचं.

तो मोठ्या बागेत पंपावर होता. नऊ वर्षं रोजंदारीवर. बारा जानेवारी, मंगळवार. संध्याकाळी उद्यान विभागाच्या साहेबांनी बोलावून साधंच काम सांगितलं. उद्या बागांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार, तेव्हा रात्री दोनला फवारे सोडायचे, पंधरा मिनिटं. मेहुणा म्हणाला, "शिट्टी मारून एक फेरी घेतो साहेब, मग सोडतो." आपल्याकडची रीतच आहे ती. बाकांवर कोणी ना कोणी झोपलेलं असतंच.

"शिट्टी नको," साहेब म्हणाले. "शिट्टी ऐकली की पळतात आणि उद्या परत येतात. भिजले की येत नाहीत. मी स्वतः येतोय बघायला. आणि हो, तुला कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे."

घरी बायकोला दिवस गेलेले. काय करणार होता? दोनला त्याने व्हॉल्व्ह फिरवला. चारी बाजूंनी पाणी उडालं. हाडं गोठतील अशी थंडी. बाकांवरची माणसं चादरी कवटाळून ओरडत पळाली. एक म्हातारा तेवढा राहिला. सगळे त्याला आजोबाच म्हणायचे. मेहुणा कधीमधी आपल्या डब्यातलं त्याला द्यायचा.

"बंद कर रे बाळा... उठतोय मी... पाय उठत नाहीत..."

मेहुण्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब घड्याळ बघत होते. "सहाच मिनिटं झालीत."

मेहुणा ओरडला, "आजोबा, उठा की! उठा म्हणतो ना!" पण हात काही व्हॉल्व्हकडे गेला नाही.

सकाळी आजोबा तसेच बाकावर सापडले. परीक्षक यायच्या आत त्यांना पालापाचोळ्याच्या गाडीतून मागच्या गेटने बाहेर काढलं. बागेला पहिलं बक्षीस मिळालं. साहेबांना बढती. मेहुणा कायम झाला. देव बघतो म्हणतात. त्या दिवशी कुठे बघत होता कोण जाणे.

ऑगस्टमध्ये मेहुण्याला मुलगी झाली. गुटगुटीत. पण रात्री दोनला किंचाळून उठायची आणि अंथरूण ओलंचिंब. आम्ही हसलो. लहान पोर, भिजवणारच की! तुमची काकू भावाला म्हणाली, "तू तर शाळेत जायला लागलास तरी भिजवायचास." असं म्हणत तिने दुपटं उचललं, आणि तिचं हसूच पळालं. मूत कोमट असतं रे. हे बर्फासारखं गार होतं. वास नाही काही नाही. आणि त्यात कापलेल्या गवताची पाती.

रोज. ठीक दोनला. पोरीची छाती भरली. डिसेंबरात डॉक्टरांनी सांगून टाकलं, एवढी थंडी ही काढेल असं दिसत नाही. त्या दिवशी मेहुण्याने मला सगळं सांगितलं. ढसाढसा रडला. "दाजी, पाणी मी सोडलं. मग माझ्या पोरीला का?" मला त्याची दया आली आणि रागही आला.

पुन्हा बारा जानेवारी. बुधवार. रात्री दीडला तो एकटाच बागेत गेला. पंपाची मोटर दोन दिवसांपूर्वीच दुरुस्तीला नेली होती, तेव्हा पाणी यायचा प्रश्नच नव्हता. तो त्याच बाकावर आडवा झाला. म्हणाला, "आजोबा, काय काढायचं ते माझ्यावर काढा. पोरीला सोडा."

काही नाही...

कुत्रंसुद्धा भुंकेना...

दोन वाजले.

पाणी आलं.

तो उठायला गेला. पाय उठेनात.

"बंद करा!"

व्हॉल्व्हपाशी कोणीतरी होतं. वाकलेलं. निथळत होतं.

"आजोबा... बंद करा हो..."

...

"ऊठ की," आवाज आला. "ऊठ म्हणतो ना."

सकाळी माळ्यांना सापडला तेव्हा अख्खी हिरवळ कोरडी ठणठणीत. तो एकटा चिंब. तीन दिवस दवाखान्यात होता, हे सगळं मला तिथेच सांगितलं त्याने. शेवटच्या रात्री विचारलं, "दाजी, पोरगी?" म्हटलं, "कोरडी आहे रे. तिन्ही रात्री कोरडी. खोकलासुद्धा उतरलाय." खोटं नव्हतो बोलत. तो हसला, वर्षभरात पहिल्यांदा. पहाटे गेला. पोर सुटली या समाधानात गेला बिचारा.

त्याच सकाळी काकूने पोरीला अंघोळीला घेतलं. झबलं काढलं आणि मला हाक मारली. नुसतं दाखवलं.

मऊ गादीवर झोपलेली पोर... आणि पाठीवर तीन आडवे वळ. रुंद. सरळ. हात लावला तर गार. बागेतल्या बाकाला पट्ट्या किती असतात, ते मी तुम्हाला सांगायला नको. तुम्हीच रंगवता.

आता पाच वर्षांची होईल ती. आईसोबत आमच्याकडेच असते, दिवसभर हुंदडते. दुपारपर्यंत वळ जातात, सकाळी पुन्हा असतात. डॉक्टर म्हणाले, गादी बदला. चार बदलल्या आम्ही.