समोरच्या खुर्चीतली मेघाली

मेघाली बोईसरच्या केबल ऑफिसात शिरली ती भांडायलाच. तिच्या गावात, किनाऱ्यावरच्या नवापूरला, आठवडाभर टीव्ही बंद होता.

"तक्रार कोण घेतं इथं?"

शर्टाची कॉलर नीट करणारा केतन दचकला. ‘सवाल गावाचा’ हा केबलवरच्या चॅनलवरचा त्याचा चर्चेचा कार्यक्रम सुरू होणार होता... आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता.

"मी घेतो. पण आधी कॅमेऱ्यासमोर बसता का? बाजारभावावर बोलायचंय."

"मी?"

"आत्ता बोललात ना, अगदी तसंच!"

ती बसली. पापलेटचा भाव, बर्फाचा दर, नुकताच झालेला पालघर जिल्हा... ती बोलत गेली, आणि केतन पुढचा प्रश्न विसरून बघतच राहिला. तिच्या ते लक्षात आलं. आवडलंही.

मग ती दर शुक्रवारी येऊ लागली. मागे निळा पडदा, समोरासमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. बजेट असो की ग्रामपंचायतीची निवडणूक, दोघं हसत भांडायचे. दुकानांपुढे लोक थांबून बघायचे. नंतर स्टेशनजवळ चहा.

"आज हरलास."

"तुझ्यासमोर जिंकायचंय कुणाला?"

पुढचं वाक्य मात्र दोघांच्या ओठांवर यायचं, आणि चहाच्या घोटाबरोबर परत जायचं.

चॅनल वाढलं. पडदा गेला, स्क्रीनवर चार चौकटी आल्या. मालक शैलेशभाईंनी आवाज चढवायला सांगितलं. एकदा मेघाली मच्छीमारांवर बोलत असताना केतननं तिचं बोलणं मध्येच तोडलं... पुन्हा तोडलं. तिनं माइक काढून ठेवला.

"तू आता ऐकत नाय, केतन."

ती गेली ती गेलीच. नंतर स्थळं आली, तिनं परतवली. टीव्हीवर त्याचा आवाज आला की ती उठून ओटीवर जायची, आणि तिथून ऐकायची.

मागच्या महिन्यात तो नवापूरला आला. ती दोरीवर बोंबील वाळत घालत होती.

"नोकरी सोडली. आता मोबाइलवर स्वतःचा कार्यक्रम करतोय. आरडाओरडा नाही..."

"मग त्यात मी कशाला पाहिजे?"

"त्यासाठी नाही आलो." तो वाळूकडे बघत राहिला.

"बोल ना. मी मध्ये नाय तोडणार."

"मेघाली... तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

वारा तिचे केस चेहऱ्यावर आणत होता. तिनं ते मागे सारले नाहीत. डोळे भरले होते.

"मला पण," ती म्हणाली. मग ओले हात पदराला पुसून हसली. "आय घरात हाय. चल, तिला सांग. का तिथं पण मीच बोलू?"