आत्मारामांचं पान

लिफ्टचं दार धरून उभं राहायलाही काही मर्यादा असते! दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्या लॉबीत ईशानीचं बोट बटण दाबून दाबून दुखायला लागलं, आणि तो चष्मेवाला तरुण मात्र घानाच्या सिक्युरिटी गार्डशी निवांत बोलत होता. आई कशी आहे, मावशीचा गुडघा काय म्हणतो, धाकटीची परीक्षा कशी गेली...

"यल्ला, आना है कि नहीं?" ती ओरडलीच. तो धावत आत शिरला. "काय ध्यान आहे!" ती पुटपुटली.

"या ध्यानाला सुयश म्हणतात," तो मराठीत म्हणाला. "सॉरी हं. पण त्यांच्याकडे नुसतं हाय करून पुढे गेलं तर माणूस दुखावतो. घरच्यांची चौकशी झाली, की मग भेट झाली."

"आणि मीटिंग?"

"ती मीच घेतोय. मेंटल हेल्थची."

झालं! एचआरच्या ईशानीने स्वतः ईमेल पाठवून बोलावलेला, घानात शिकून तिथेच शिकवून आलेला सायकॉलॉजिस्ट तो हाच. तोंड लपवायला लिफ्टमध्ये जागा तरी कुठे होती?

सेशनमध्ये तो बोलला मात्र छान. "आफ्रिका म्हणजे काही एक गाव नव्हे," तो हसत म्हणाला, "पण मी जिथे राहिलो तिथे माणूस एकटा धरतच नाहीत. त्याच्यात त्याची माणसं असतात, गेलेलीसुद्धा. माझी एक विद्यार्थिनी वारलेल्या आजीशी रोज बोलायची. मी पुस्तक उघडून आजार शोधत बसलो. तिच्या घरचे पोट धरून हसले. म्हणाले, सर, ती बोलायची थांबली तर काळजी करा!"

सगळे हसले. ईशानीच्या हातातलं पेन तेवढं थांबलं.

मग काय, कधी कडक चहाचं निमित्त, कधी तळ्याकाठच्या फेऱ्या. तो रोज विचारायचा, "तुझी माणसं कशी आहेत?" आणि ती रोज विषय बदलायची. एका संध्याकाळी त्याने सरळच विचारलं, "मला तू आवडतेस. घरी कधी नेतेस?"

"नाही नेणार. खलास."

"मी आवडत नाही?"

"आवडतोस... म्हणूनच तर नाही!" ती तोंड फिरवून म्हणाली. "बाबा गेल्याला दोन वर्षं झाली. आई अजून त्यांचं पान मांडते, सुयश. त्यांच्या खुर्चीशी बोलते. अबुधाबीचं एक स्थळ आलं होतं. ते बघून मुलाची आई जिन्यातच म्हणाली, वेड घराण्यात असतं. मी ऐकलं. पुन्हा ऐकायची ताकद नाही, आणि तुझ्या तोंडून तर नाहीच नाही."

त्याने एवढंच विचारलं, "काकू जेवतात नीट? झोपतात?"

"मस्त झोपते! मंडळात सगळ्यांना मोदक शिकवते."

"त्यांना भीती वाटते? काका नाहीत हे कळत नाही?"

"कळतं की. श्राद्ध तीच घालते."

"मग वेड कसलं, वेडाबाई? संसार आहे तो. त्रास व्हायला लागला तर मीच डॉक्टरांकडे नेईन." मग हळूच म्हणाला, "आणि तू? तू काकांशी शेवटचं कधी बोललीस?"

ईशानी उठून चालू लागली. रविवारी मात्र ती त्याला अल मनखूलला, आपल्या घरी घेऊन गेली. जे होईल ते होईल!

तिच्या आईने, कुमुदताईंनी, चार पानं वाढली. चौथं आत्मारामांच्या, ईशानीच्या बाबांच्या, रिकाम्या खुर्चीपुढे. "अहो, हा सुयश बरं का. वांगं थोडं खारट झालंय, पण गोड मानून घ्या." ईशानीला वाटलं, फरशी दुभंगावी आणि आपण थेट पार्किंगमध्ये पोचावं.

सुयश उठला. खुर्चीला हात जोडून म्हणाला, "नमस्कार काका. आईवडील पुण्यात आहेत, बरे आहेत. आईची पाठ दुखते अधूनमधून. तुमची मुलगी भारी तापट आहे हो, लिफ्टमध्ये पहिल्याच भेटीत माझ्यावर ओरडली. तरी मला तीच हवी. तुमची परवानगी आहे?"

त्याच्या डोळ्यांत चेष्टेचा मागमूस नव्हता. कुमुदताईंनी पदराने डोळे पुसले, खुर्चीकडे कान दिल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "ते म्हणतायत, आधी पोरीला विचार."

सुयशने तिच्याकडे पाहिलं. तो तिच्या उत्तराची वाट बघत होता, पण ईशानी वळली होती खुर्चीकडे.

"बाबा..."

 ती इतक्या दिवसांत कुणापुढे रडली नव्हती, आईपुढेही नाही.

"बाबा, मला आवडतो हो हा... मी करू ना लग्न याच्याशी? तुम्ही नसताना कसं करू?" आणि ती हमसून हमसून रडू लागली.

सुयशने तिचा हात घट्ट धरला. कुमुदताई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"रड गं माझे बाई, रड. किती वाट बघितली त्यांनी तुझ्या बोलण्याची."