कंदिलातले कैदी

सव्वीस वेल, तीनशे चार फुलं आणि शेंगा शून्य. ऋजुताने पुन्हा मोजलं तेव्हाही शून्यच आलं. शून्य मोजायला वेळ लागत नाही, पण पटायला लागतो.

सन २०६२. शाळा तेव्हा घरूनच भरायची, म्हणून अकरा वर्षांची ऋजुता अख्खा पावसाळा आजोबांकडे राहायला आली होती. आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ. एका डोंगराच्या पायथ्याशी त्यांची उघडी रोपवाटिका होती आणि तिच्यात एकच गोष्ट वाढत होती : कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात. फूल खरंच कंदिलासारखं. खाली फुगीर पोट, वर अरुंद नळी आणि टोकाला पाकळ्यांचं छोटंसं छप्पर. वरच्या पठारावर या जातीचे फक्त चार रानवेल उरले होते.

"आजोबा, इतकी फुलं येतात, मग शेंगा कुठे जातात?"

"कुठे जायला आधी याव्या लागतात," आजोबा म्हणाले. ते सकाळपासून चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते, यावरून ते किती गोंधळलेत हे कळत होतं. "तीन आठवड्यांनी संवर्धन समिती येतेय. शेंगा दिसल्या नाहीत, तर सगळे वेल शहरातल्या काचघरात. मग पठारावर परत लावायला आपल्याकडे काहीच उरणार नाही."

"मग एका वेलाच्या हजार नकला करा ना. मशीन आहे की."

"ऊतिसंवर्धन (रोपाच्या लहानशा तुकड्यापासून हुबेहूब तशीच रोपं वाढवणं) करता येतं, ऋजू. पण हजारही एकसारखेच. एकाला जो रोग लागेल तो हजारांना लागेल. तुझ्या वर्गात सगळे तूच असलीस तर?"

ऋजुताने कल्पना करून पाहिली. गणिताच्या तासाला फार वाईट परिस्थिती झाली असती.

"वरच्या चार वेलांचे कंद खणून आणू?"

"खणला की तिथला वेल संपला. पाच वर्षांपूर्वी परवानगी काढून मी त्यांच्याकडून थोडंसं बी आणलं. दहा शेंगांतली एक घेतली, नऊ तिथेच ठेवल्या. त्या बियांतून हे सव्वीस उगवले. आता यांनी बी धरायचं, आणि आपण ते पठाराला परत करायचं. घेतलेलं परत करायचं असतं."

"मग हे का धरत नाहीत?"

"तेच तर कळत नाहीये," आजोबा म्हणाले आणि पुन्हा चष्मा शोधायला लागले.

एवढ्यात धोंडू आला. धोंडू हा यंत्रमानव. आधीची बारा वर्षं तो पुरात अडकलेल्यांना वाचवायचा. नंतर त्याच्या गुडघ्यांत गंज शिरला म्हणून त्याला या रोपवाटिकेवर राखणीला पाठवलं. बकऱ्या, गोगलगायी आणि फुलं तोडणारे पर्यटक यांच्यापासून त्याने वेलांचं चोख रक्षण केलं होतं. बकऱ्यांना तर तो आधी रीतसर तोंडी सूचना द्यायचा.

"सर्व काही सुरक्षित आहे," धोंडू म्हणाला आणि निघून गेला.

आजोबांनी एक फूल उभं चिरून भिंगाखाली ठेवलं. "हे बघ, परागपुटं (परागाच्या इवल्याशा पिशव्या). या एखाद्या चिलटाला चिकटून दुसऱ्या फुलात जायला हव्यात. यालाच परागण म्हणतात. पण या जागच्या हललेल्यासुद्धा नाहीत."

"म्हणजे चिलटं येतच नाहीत?"

"फुलाला वास आहे. यायला हवीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता स्टूल घेऊन एका फुलासमोर बसली. अर्ध्या तासाने एक चिलट आलं, छपरावर घुटमळलं आणि नळीतून घसरून पोटात पडलं. ते वर चढायला लागलं, पण नळीतले केस खालच्या दिशेला वळलेले. आत जाताना वाट, बाहेर येताना भाले.

म्हणजे चिलटं येत होती. ऋजुताचा गोंधळ आणखी वाढला.

मग मागून करकर करत दोन गुडघे आले. धोंडूने करंगळी लांबवली. ती दोऱ्याइतकी बारीक होऊन नळीत शिरली. त्याने चिलट अलगद बाहेर काढलं, ओंजळीत धरलं, त्याला म्हणाला, "घाबरू नका, आपण आता सुरक्षित आहात," आणि चालू लागला.

"धोंडू, कुठे नेतोस त्याला?"

"निवारा केंद्रात. डोंगरापलीकडे. इथे ठेवलं तर ते पुन्हा अडकतात, असा अनुभव आहे."

"आत्तापर्यंत किती जणांना नेलंस?"

"चार हजार एकशे बारा. आभार कुणीच मानले नाहीत. धक्क्यात असतात बिचारे."

ऋजुता धावत गेली आणि तिने आजोबांना सगळं सांगितलं. आजोबा एकदम खाली बसले. जिथे बसले तिथे खुर्ची नव्हती.

"अगं, तो तुरुंग नाहीच," ते जमिनीवरूनच म्हणाले. "म्हणजे आहे, पण एका दिवसाचा. आत फिरता फिरता चिलटाच्या सोंडेला परागपुटं चिकटतात. मग नळीतले केस कोमेजतात आणि वाट मोकळी होते. चिलट बाहेर पडतं आणि काहीही न शिकता शेजारच्या फुलात शिरतं."

"काहीही न शिकता?"

"काहीही. त्याच्या विसरभोळेपणावर ही जात टिकून आहे."

धोंडूला हे समजावायला पूर्ण दुपार गेली. एखाद्याला अडकलेलं बघत राहणं हेही रक्षण असू शकतं, हे त्याच्या कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

"मी फक्त फुलाला वाचवायचं?"

"फुलाला लागणाऱ्या सगळ्यांना वाचवायचं," ऋजुता म्हणाली. "पण त्यांचं काम न थांबवता."

"आणि चिलट आतून हाका मारत असेल तर?"

"ऐकायचं नाही."

धोंडू तो आठवडाभर वेलांकडे पाठ करून उभा राहिला. बकऱ्यांची त्याने फक्त कानांनी राखण केली.

आठ दिवस काहीच घडलं नाही. नवव्या दिवशी एका सुकल्या फुलाच्या जागी दोन हिरवी टोकं दिसली. समिती आली त्या दिवशी शेंगांच्या अकरा जोड्या लोंबत होत्या, बारीक शिंगांसारख्या. समितीच्या बाईंनी त्या मोजल्या, सही केली आणि चहा न घेताच गेल्या. वेल जिथल्या तिथे राहिले.

शेंगा पिकल्यावर आजोबांनी प्रत्येकीचं बी वेगळ्या पुडीत ठेवलं. कुठल्या वेलाचं, कुठल्या दिवशीचं, ते ऋजुताने पुडीवर लिहिलं. पुढच्या पावसाळ्यात सतरा रोपं घेऊन ती दोघं पठारावर चढली. रानवेलांच्या जवळच, तशाच मातीत आणि तशाच झुडपांच्या आधाराने त्यांनी ती लावली. नकाशावर खूण केली नाही, फोटोही कुणाला पाठवला नाही.

तिसऱ्या वर्षी त्यातल्या एकाला फूल आलं. चौदा वर्षांची ऋजुता ओल्या कातळावर पालथी पडून तासभर बघत होती. एक चिलट आलं, छपरावर घुटमळलं आणि घसरून आत पडलं.

ते बाहेर यायची धडपड करायला लागलं, तेव्हा कुठे ऋजुताच्या जिवात जीव आला.